कर्ण्याचं आतलं माप

साहेबाने बुटाच्या टोकाने पितळी कर्णा ढकलला. तो फरशीवरून घरंगळत माझ्या बापाच्या गुडघ्याला लागला. बाप जमिनीवर उकिडवा बसला होता. साहेब तिशीचा, बाप पन्नाशी उलटलेला.

“ड्रॉइंग कळतं का रे तुला?”

“सायेब, मापाचं भांडं आतून मापत्यात. लहर आतून जानार, म्हून आतलं माप धरलं.”

“इथे ज्वारी मोजायची नाही. आकाश मोजायचंय. तू आपले पत्रे ठोक.”

टेबलांवरची माणसं हसली. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे गाळीन.

मग साहेब माझ्याकडे वळला. “तुमच्यातलाच दिसतोय. नात्यातला का?”

“नाही साहेब. भिंगारच्या बाजारातला पत्रेवाला.”

बापाने मान वर केली नाही. धोतराच्या सोग्याने कर्ण्यावरची बुटाची माती पुसली, कर्णा टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. नगरबाहेरच्या माळावर सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपायला मोठी थाळी उभी राहत होती. थाळीवर पडलेल्या लहरी तिच्यासमोर टांगलेल्या कर्ण्यात गोळा होतात आणि त्याच्या चौकोनी गळ्यातून यंत्रात उतरतात. गळा अरुंद झाला तर लहर उतरतच नाही. साहेब तिथे प्रकल्पप्रमुख, मी ड्राफ्ट्समन. महारवाड्यातून शिकून तिथवर गेलेला पहिला. माझा कप वेगळा, दांडी तुटलेला, नळाखाली ठेवलेला. जात लपत नव्हती. निदान पत्रे ठोकणारा बाप लपावा, एवढीच माझी धडपड. पण सांधा जोडणाऱ्या वितळलेल्या झाळेचा थेंबही आत न उतरू देता पितळेची शिवण झाळणारा भिंगारात तोच एक होता. म्हणून काम त्याच्याकडे गेलं.

चूक माझी होती. मापाची रेघ मी पत्र्याच्या बाहेरच्या कडांवर धरली. दोन्ही बाजूंची जाडी आतून कमी होणार, हे डोक्यातच आलं नाही. बाप दूध-ज्वारीची मापं बनवणारा. त्याला एका नजरेत दिसलं. घरी म्हणाला होता, “रेघ भायेरून का वडलीस?” मी म्हणालो, “आबा, सांगितलंय तेवढं करा.”

त्या दिवशी साहेबासमोर माझं एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही.

पुण्याहून माझ्या ड्रॉइंगबरहुकूम दुसरा कर्णा आला. चढवला. सूर्य थाळीसमोरून गेला, यंत्रातल्या कागदावरची शाईची रेघ आडवीच राहिली. आठवडाभर केबली तपासल्या. मग साहेबाने बापाचा कर्णा चढवायला लावला. दुपारी रेघ टेकडीसारखी वर गेली.

“अहवालात लिही,” साहेब म्हणाला. “गळ्याच्या मापातली दुरुस्ती प्रकल्पप्रमुखांची. तुझंही नाव टाकू खाली.”

मी लिहिलं. सही केली. तुटक्या कपातला चहा चवीने प्यालो.

घरी बापच म्हणाला, “वळख न्हाई दिलीस ते बरं केलंस. नोकरी गेली असती.”

पोराने बाप नाकारायचा आणि बापाने त्याला शाबासकी द्यायची. इतकं सडवलं होतं आम्हाला. आणि त्या सडण्यावर मी बढती घेतली.

बाप जाऊन वर्षं झाली. आता प्रकल्पाचा समारंभ आहे. स्मरणिकेवाल्यांचं पत्र आलंय: साहेबांच्या दूरदृष्टीवर दोन पानं द्या.

ही घ्या. चूक माझी. दुरुस्ती माझ्या बापाची, सखाराम पत्रेवाल्याची. साहेबाने ती चोरली, मी चोरीवर सही केली. कटुता नको म्हणून यातली एक ओळ गाळलीत तरी चालेल. समारंभाला मी येणार आहे. बोलायला बोलावलं नाहीत तरी उठून बोलणार आहे. साहेबांचा मुलगा पहिल्या रांगेत असेल. असू दे. त्याच्याकडे बघूनच बोलेन.