गालाची कातडी आणि सरळ धार

माझी बायको सुलभा आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते हिंदमाताच्या कापडबाजारात पायजम्याचं कापड घेण्याचं. दुपारी चार वाजता. "गडद घ्या. आत पिशवी आहे ते दिसायला नको," ती म्हणाली. त्याच आठवड्यात हृदय बंद पडून ती गेली.

मी नाईक दत्ताराम घाग. आर्मीत ड्रायव्हर होतो. शिक्षण सातवी. ड्युटीवर गाडी दरीत गेली, कंबरेचं हाड मोडलं, लघवीची नळी फाटली. तेव्हा शिवली. म्हातारपणी ती आकसली, शेवटी बंद. मग पोटातून ट्यूब आणि मांडीला लघवीची पिशवी. परळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गालाच्या आतली कातडी काढायची, नळीला लावायची. तारीख सुलभानं घेतली होती.

ती गेल्यावर मी म्हणालो, नाही जायचं. घोडपदेवच्या आमच्या चाळीत माझ्या युनिटचा कांबळे राहतो. तो म्हणाला, "तारीख वहिनीची आहे. कॅन्सल करणारा तू कोण? सात वाजता फॉल-इन!"

गेलो. ऑपरेशन झालं. तोंड सुजलं, आठ दिवस नुसती पेज. कांबळे म्हणाला, "आता शिव्या खालूनपण देशील."

तीन आठवड्यांनी, दहा चाळीसला, ऑपरेशनात खालून घातलेली रबरी नळी काढली. लघवी खालून यावी म्हणून पोटातल्या ट्यूबला चिमटा लावला. धार आली नाही तर पिशवी जन्माची, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, "जाऊन या आणि सांगा." गेलो. दोन थेंब. परत येऊन सावधान उभा राहिलो.

"काय काका?"

"ऑल ओके, सर!"

फौजेत साहेबानं विचारलं की हेच म्हणायचं, हाड मोडलेलं असलं तरी. ओपीडीतही मी दर वेळी हेच म्हणायचो. सुलभा शेजारून म्हणायची, "खोटं बोलतायत, डॉक्टर." आज शेजारून कोणी बोललं नाही. डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

"सर, रिपोर्ट चुकीचा दिला. दोनच थेंब."

डॉक्टर हसले. "घाबरलात. पाणी प्या, चाला, पुन्हा जा."

अकरा पन्नास. मी पुन्हा संडासात, दाराबाहेर कांबळे.

"पोझिशन सांग!"

"थांब रे."

"सांग ना!"

"आली... आली रे! सरळ!"

"चालू ठेव!"

बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. मी आत भिंतीला हात टेकून हसत होतो. हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चाळीच्या संडासात गेलो. काम उभ्यानं केलं. परत येऊन गॅलरीत थांबलो. माणसं दात घासत बाहेर आली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, "पाच महिने माझी बायको रोज पहाटे पाचला माझी लघवी बादलीतून नेऊन टाकायची. तुम्हांला कळू दिलं नाही. कळलं पाहिजे."

शेजारची शेवंताबाई म्हणाली, "अगं बाई! मला म्हणायची, कुंड्यांना पाणी घालते." गॅलरी हसली. मीपण.

मग सावधान झालो आणि तिचं नाव घेतलं. मोठ्यानं. सुलभा दत्ताराम घाग.