राखेच्या खड्ड्यावरची हाक

मीटरगेज बंद व्हायच्या आधी कुण्या हौशी मंडळींनी एका रविवारी कोळशाच्या इंजिनाची गाडी दौलताबादपर्यंत सोडली. मुकुंदवाडीच्या भजनी मंडळातल्या बाया दशम्या बांधून निघाल्या. किल्ल्यावर जनार्दनस्वामींचं दर्शनही होणार होतं. त्यांच्यातली आवडाबाई येईल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. तीस वर्षं झाली, कोळशाचं इंजिन दिसलं की ती तोंड फिरवायची.

"तू अन् या गाडीला?" मंडळाच्या द्वारकाबाईनं विचारलं.

"कमरोद्दीन येनार हाय म्हनं. त्याला एक इचारायचंय."

कमरोद्दीन कोण ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

तरुणपणी आवडाबाई स्टेशनच्या यार्डात अर्धजळका कोळसा वेचायची. रुळांच्या मधोमध लांबट खड्डा होता. त्यावर इंजिन उभं करून फायरमन राख पाडायचा. ती निवली की बाया खाली उतरून वेचायच्या, दुसरं इंजिन आलं की वर यायच्या. तिथला रिवाज असा, की राख पाडण्याआधी फायरमन हाक द्यायचा, "खाली हाय का कोन?" एका बाईनं वाकून बघायचं अन् "नाय" म्हणायचं. मगच राख पडायची. आवडाबाईचा आवाज खणखणीत, म्हणून ते काम तिच्याकडं.

एका सकाळी राख पडली अन् खड्ड्याच्या टोकाला तिची आठ वर्षांची भागू होती. आवडाबाईनं तिला नळावर धाडलं होतं. ती कधी परत आली, कधी खाली उतरली, कुणी पाहिलं नाही. पोर वाचली नाही.

चौकशी झाली. फायरमन कमरोद्दीननं साहेबापुढं कबूल केलं, "हाक द्यायची राहिली." त्याला इंजिनावरून उतरवलं, कोळसा भरायच्या कामावर घातलं. तो ड्रायव्हर कधीच झाला नाही. आवडाबाईला ते पुरेसं वाटलं नाही. रोज सांजवात लावली की ती देवाकडं त्याचं वाटोळं मागायची.

आता तो गाडीत खिडकीशी बसला होता. दाढी पांढरी झालेली. लोकांना इंजिनाची माहिती सांगायला त्याला बोलावलं होतं. मंडळातल्या बाया पदर सावरून दूर सरकल्या. आवडाबाई समोर जाऊन बसली.

"वळखलं का?"

"हौ, माय."

"मग एवढं सांगा. रोज इचारायचे तुम्ही. त्याच दिवशी का नाय इचारलं?"

कमरोद्दीननं हातातली टोपी उलटी केली, सुलटी केली. "जाऊ द्या, माय. लई दिवस झाले."

"मला नाय झाले."

"बोल की मियाँ," द्वारकाबाई मागून म्हणाली. "साहेबापुढं तोंड उघडलं होतं, आता दातखीळ बसली?"

दौलताबादला गाडी थांबली. लोक फलाटावर उतरले, कुणी फोटो काढू लागले. आवडाबाई कमरोद्दीनच्या मागं मागं इंजिनापर्यंत गेली. उत्तर घेतल्याशिवाय ती सोडणार नव्हती.

इंजिनावरच्या नव्या फायरमननं लोखंडी सळई उचलली अन् खाली वाकून ओरडला, "खाली हाय का कोन?"

"कोन नाय, पाड!" आवडाबाई म्हणाली.

राख पडली. धूर अंगावर आला. ती वाकली नव्हती, तिनं खाली बघितलंही नव्हतं. शब्द आपसूक आले होते. तिनं कमरोद्दीनकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

"त्या दिशी बी मीच न बघता 'नाय' बोलले व्हते?"

"जी."

"मग साहेबाला हाक राहिली असं का सांगितलं?"

"पोर तुमच्या मांडीवर होती, माय. तवा काय सांगनार?"

बाया किल्ला चढून गेल्या. आवडाबाई फलाटावरच्या बाकावर बसून राहिली. दशमी सोडली नाही, पाणी घेतलं नाही. परतीच्या गाडीत ती कमरोद्दीनशेजारी बसली. द्वारकाबाईनं दोनदा हाक मारली, "अगं, तिकडं कुठं? इकडं ये." ती हलली नाही.

घरी आल्यावर तिनं सांजवात लावली, हात जोडले. रोजचे शब्द ओठांवर आले, तेही आपसूकच. तिनं दात आवळून धरले. मग वात जळत होती तोवर ती देवापुढं तशीच बसली. मागायला काही उरलं नव्हतं.