तिघांची भाकरी

आमच्या पाड्यातला पहिला बी.ए. होऊन मी जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा बायकोला सातवा महिना होता. पोटात एकाच वेळी दोन्हीकडून लाथा बसायच्या. पोराचं काही भलतंच तर नाही ना, म्हणून ती घाबरायची.

मोखाड्याहून आलेली माझी आई म्हणाली, "पोर आहे का खेकडा?"

बायको रडायलाच लागली.

मी म्हणालो, "आई, जुळी असतील."

"तू बी.ए. झालास, सुईण नाही झालास!"

मग सुईण आली. पोट चाचपून हसली. "मास्तर, डोकी दोन आहेत!"

मी ऐटीत आईकडे पाहिलं. तिने बायकोच्या ताटात नाचणीची आणखी एक भाकरी टाकली. "खा गं. माझे दोन्ही खेकडे उपाशी राहतील."

बायको डोळे पुसत खळखळून हसली.