टाकीतली ब्राह्मी आणि कात्रीचा नेम

गेल्या आषाढी एकादशीला अंबरनाथच्या शिवमंदिरात मी नवस बोलले, "देवा, आमच्या घरातला अबोला मोड. चातुर्मासभर मी कुठल्याही हिरव्या जिवाला कात्री लावणार नाही." त्या एका नवसाने इतके किस्से जमवले की आमच्या सोमवारच्या भजनात टाळ खाली ठेवला की पहिला विषय तोच निघतो.

अबोला आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. देवळाजवळची जागा विकून आम्ही बदलापूरला, बेलवलीत फ्लॅट घेतला. तेव्हापासून आप्पा यांच्याशी, स्वतःच्या मुलाशी, बोलत नव्हते. वर्ष झालं होतं. समोरासमोर जेवायला बसून मला सांगायचे, "सूनबाई, त्याला म्हणावं मीठ सरकव."

नवस ऐकून हे हादरलेच. "चार महिने भाजी नाही?"

"विळीवर चिरीन की. देवाला मी कात्री म्हटलंय."

*

आप्पांचं मन रमावं म्हणून यांनी माशांची टाकी आणली. आप्पांनी काय करावं? खुर्ची टाकीला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून पेपर उघडला!

टाकीत लावायला रोप आणलं उल्हासनगरहून. दुकानदार म्हणाला, "भाभी, इसको कुछ नहीं मांगता. लंबा हुआ तो काटो, कटा हुआ रेती में खोंस दो."

काटो म्हटल्यावर मी कानांवर हात ठेवले. नेम धरून चारच दिवस झाले होते.

*

सोमवारी आमच्याकडे भजनाला आलेल्या कदमकाकूंनी त्या रोपाचं पान चुरगळलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि डोळेच विस्फारले. "अगं, ही तर ब्राह्मी! लोक तेलात घालतात, तू माशांना घातलीस?"

मी गारच पडले. काकूंनी चार शेंडे नखाने खुडले. "नेम तुझा, माझा नाही. तेल करते. स्मरणशक्तीला याच्यासारखं दुसरं नाही."

पुढच्या सोमवारी काकू आल्याच नाहीत. मंगळवारी टाळ घेऊन दारात उभ्या. "आज कुणीच कसं नाही गं?"

*

शेजारच्या शोभाताई माझ्याहून भाविक. ब्राह्मी म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि मी चहा टाकायला वळते तोवर टाकीत चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं.

संध्याकाळी हे आले ते बूट न काढताच टाकीसमोर थिजले. "माशांना कावीळ झाली की पाण्याला?"

लगेच अर्धं पाणी बदललं. मासे दोन दिवस रुसले. ब्राह्मीने मात्र तिसऱ्या दिवशी नवीन पान काढलं.

*

श्रावणात ती पाण्याबाहेर आली. भाद्रपदात काठावरून उतरली आणि तिला बारीक पांढरी फुलं आली. मी थक्क होऊन बघत राहिले. हे कात्री घेऊन आले. "मी कापतो. नेम तुझा आहे."

"नवस घरासाठी आहे. घरातली कात्री चालणार नाही."

त्यांनी मुकाट्याने कात्री डब्यात टाकली.

*

मग तो रविवार. हे सोफ्यावर, मी वाती वळतेय, आप्पा नेहमीसारखे टाकीकडे पाठ करून पेपरात. ब्राह्मीचा ओला शेंडा खुर्चीच्या पाठीवरून सरकत त्यांच्या मानेला लागला.

"दिनू! साप!"

माझ्या हातातली वात पडली. वर्षानंतर 'दिनू'! हे धडपडत उठले, चष्मा एकीकडे, मोबाइल एकीकडे. "आप्पा, हलू नका." वाकून पाहिलं. "साप नाही हो. ब्राह्मी आहे."

"मग काप ना ती!"

"कापता येत नाही. हिचा नवस आहे."

"कसला नवस?"

हे माझ्याकडे बघायला लागले. "चातुर्मासभर कात्री लावायची नाही," मी पडलेली वात उचलत म्हणाले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "म्हणजे कार्तिकीपर्यंत ही माझ्या मानेवर?"

"खुर्ची फिरवली तर नाही लागणार," हे हळूच म्हणाले.

आप्पांनी पेपराची घडी केली. मग उठले. "धर त्या बाजूने," यांना म्हणाले. दोघांनी मिळून खुर्ची फिरवली.

तर ही घ्या एक काडी, काकूंनी खुडलेली. रेतीत खोचा, बाकी काही लागत नाही. टाकी मात्र रुसलेल्या माणसाच्या पाठीमागे ठेवा, आणि कार्तिकीपर्यंत कात्रीला हात लावू नका.