कावा पिणाऱ्याची गाडी

शनिवार, दुपारचे चार. कॅरी, नॉर्थ कॅरोलिना. दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटचं किचन. विनायक सिंकपाशी उभा राहून पातळ फडक्यात बांधलेली करडी पूड पातेल्यातल्या पाण्यात पिळत होता. त्याची बायको मीनल दारात आली. तिने आधी पातेलं पाहिलं, मग फडकं.

"हे माझं चक्का टांगायचं फडकं आहे का?"

"धुऊन देतो."

"देऊ नकोस. आता ते तुझंच."

आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये कावा आला तो असा. पुढच्या वर्षभरात त्याचे इतके किस्से साठले की दर शनिवारी कोणीतरी एक नवा सांगायचा आणि एक जुना थोडा वाढवायचा. मी नागपूरच्या एका पेपरात तीस वर्षं रिपोर्टर होतो. निवृत्त होऊन २००५ साली लेकीकडे इथे आलो. इतरांनी वाढवलेला भाग काढून टाकणं हाच माझा धंदा होता. खाली लिहिलंय ते मी स्वतः पाहिलेलं आहे, नाहीतर दोघांकडून पडताळून घेतलेलं आहे.

'गनिमी कावा' हा विनोद ग्रुपमधल्या प्रत्येकाने किमान दोनदा केलेला आहे. वाचकांनी तसदी घेऊ नये.

*

आधी कावाच्या अगोदरचा किस्सा.

विनायक सॉफ्टवेअरवाला, चाळिशीच्या थोडा अलीकडचा, माझ्याच नागपूरचा. शनिवारी कोणाकडे तरी जमायचं, तीन-चार पेग घ्यायचे आणि गाडी चालवत घरी यायचं. सगळेच तसं करायचे, म्हणून कोणाला त्यात काही वाटायचं नाही.

एका वाढदिवसाच्या पार्टीहून निघताना संध्याकाळचे सहा वाजले होते, चांगलं ऊन होतं. विनायकने गाडीचं दार उघडलं. त्याची नऊ वर्षांची मुलगी सई ड्राइव्हवेवरच थांबली.

"आय अ‍ॅम नॉट सिटिंग इन युअर कार, डॅड."

"का गं?"

"यू स्मेल."

आजूबाजूला पंधराएक माणसं होती. कोणीतरी हसलं. मीनलने त्याच्या हातातली किल्ली घेतली, तरीही सई मैत्रिणीच्या आईबरोबरच गेली.

त्या दिवसापासून विनायकने दारू सोडली. कोणाला सांगितलं नाही, शपथ-बिपथ घेतली नाही. पण सई त्याच्या गाडीत बसेना. शाळा, स्विमिंग, डेंटिस्ट, सगळीकडे आईच हवी. आई ऑफिसात असली तर ती म्हणायची, "आय विल वेट." आणि खरंच दप्तर मांडीवर घेऊन तासभर बसायची.

विनायक मला एकदा म्हणाला, "काका, रागावली असती तर समजूत काढली असती. ती रागावलेली नाही ना. ती फक्त बसत नाही."

*

दारू सोडल्यावरची पहिली पार्टी. विनायकच्या हातात ऑरेंज ज्यूस.

"काय रे, शुगर निघाली का?"

"उपास आहे?"

"वहिनींनी दम दिलेला दिसतोय."

"अरे, एक घे. एकाने काय होतं?"

मला जुनी सवय आहे. मी पेपर नॅपकिनवर रेघा ओढत बसलो. जेवायला बसेपर्यंत चौदा वेळा त्याला कारण विचारलं गेलं. जे पीत होते त्यांना त्यांचं कारण किती वेळा विचारलं गेलं, तेही मी मोजत होतो. तिथे रेघ ओढायची वेळच आली नाही.

मला याचाच संताप येतो. अट्टल पिणारा माणूस आमच्यात निवांत बसतो आणि न पिणाऱ्याची उलटतपासणी होते. तीस वर्षं मी मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांना बसलो, इतके खोचक प्रश्न तिथेही ऐकले नाहीत.

*

विनायकच्या टीममध्ये सिओने नावाचा टोंगा बेटांवरचा एक माणूस होता. दारातून तिरकं होऊन यावं लागेल असा देह आणि आवाज एकदम हळू. लंचला विनायकने त्याला सगळं सांगितलं. सिओने म्हणाला, "शनिवारी माझ्या मामाकडे ये. आम्हीही बसतो. पण आमच्यात कोणी ओरडत नाही."

तिथे चटईवर आठ-दहा पुरुष मांडी घालून बसले होते. मधे लाकडी परात, परातीत गढूळ पाणी. मिऱ्याच्याच कुळातल्या एका झुडपाचं मूळ कुटायचं, ते पाण्यात कुस्करून गाळायचं आणि करवंटीतून प्यायचं. पॅसिफिकच्या बेटांवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हाच कावा. यात अल्कोहोल नाही. जीभ आणि ओठ बधिर होतात, खांदे सैल पडतात आणि माणूस शांत होतो. डोकं बऱ्यापैकी जागेवर असतं.

"चवीला कसं?" मी विचारलं.

"काका, आपल्या अंबाझरी तलावाचं पाणी, मे महिन्यातलं."

"मग पितोस कशाला?"

"तिथे तीन तास बसलो. मला कोणी एकदाही विचारलं नाही की तू दारू का सोडलीस."

*

मीही प्यायलो. रिपोर्टरने ऐकीव माहितीवर लिहू नये. विनायकने नारळ फोडून मुद्दाम माझ्यासाठी करवंटी घासून ठेवली होती. दोन करवंट्या घेतल्या. ओठ आहेत की नाहीत हे हात लावून पाहावं लागलं. मग सोफ्यावर टेकलो.

थोड्या वेळाने मीनल म्हणाली, "काका, बरे आहात ना?"

"का?"

"वीस मिनिटं झाली, तुम्ही कोणत्याच सरकारला काही बोलला नाहीत."

*

आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टर म्हणजे अंजलीताई. त्यांना कळल्यावर त्या शनिवारी सकाळीच विनायकच्या दारात हजर झाल्या. "मूळ आहे, नैसर्गिक आहे, हे मला सांगू नकोस. धोतराही नैसर्गिकच असतो."

त्यांनी नीट समजावलं. कावामुळे काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या तक्रारी होत्या आणि २००२ साली इथल्या सरकारी खात्यानेही तसा इशारा दिला होता. म्हणून रोज घ्यायचा नाही. दारूबरोबर तर अजिबात नाही. दुसरी कुठली औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नाही. आणि घेतल्यावर गाडी चालवायची नाही. आधी लिव्हरची ब्लड टेस्ट, मग काय ते.

विनायकने टेस्ट केली, दर तीन महिन्यांनी करत राहिला आणि रिपोर्ट फ्रिजवर मॅग्नेटने लावत गेला. नियम ठरला. फक्त शनिवार दुपार, दोन करवंट्या, आणि त्याआधी गाडीची किल्ली मीनलकडे.

अंजलीताई एकदा फ्रिजसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी वर्षं प्रॅक्टिस करतेय. दारू पिणाऱ्याच्या फ्रिजवर हा कागद मी कधी पाहिला नाही."

*

सुहास आमच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या समितीचा अध्यक्ष. पुण्याचा, फार्मा कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नाही. कोणाचं सामान हलवायचं असलं की पहिला हजर. बेसमेंटमध्ये बार आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

एका शनिवारी विनायककडे त्याने कावाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बरोबर आणलेली बाटली उचलून करवंटीत व्हिस्की ओतायला लागला. अंजलीताईंनी करवंटी काढून घेतली आणि सिंकमध्ये रिकामी केली.

"दोन्ही एकत्र नाही."

"मग याचा उपयोग काय?" सुहासने विचारलं.

विनायक म्हणाला, "हाच."

*

ही छोटी गोष्ट मीनलने सांगितली, सईने दुजोरा दिला.

एका शनिवारी सई किचनमध्ये आली. करवंटीला नाक लावलं, मग बापाच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"इट स्मेल्स लाइक डर्ट."

"हो."

तिने जरा विचार केला. "डर्ट इज ओके."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मराठी वर्गाला जायला ती बापाच्या गाडीत बसली. विनायकने वीस मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांत कापला. त्याच आठवड्यात त्याने समितीला सांगितलं की आपल्या कॉम्प्लेक्समधल्या चारही मुलांना दर रविवारी मी नेईन, कायमचं. चौघांत माझी नात रियाही होती. सहा महिने त्याची गाडी नऊ पन्नासला गेटपाशी उभी असायची. एकदाही नऊ एक्कावन्न झाले नाहीत.

*

मग कोणीतरी इंटरनेटवर काहीतरी वाचलं आणि ग्रुपला ई-मेल टाकली. विषय: 'मुलांची सुरक्षितता'. एकवीस उत्तरं आली. विनायकला कोणीही फोन केला नाही.

मीटिंग सुहासच्या बेसमेंटमध्ये झाली. मी पालक नाही, आजोबा आहे, तरी गेलो. ठराव असा: 'मादक पेयाचं सेवन करणाऱ्या पालकाचं नाव ड्रायव्हरांच्या यादीत ठेवू नये.' बारवर तीन ग्लास होते, एक सुहासच्या हातात.

मी विचारलं, "यात व्हिस्की बसते का?"

"काका, विषय भरकटवू नका."

"बीअर?"

"हे बघा काका, बीअर सोशल आहे. लोकांना माहितेय ती काय आहे. हे काय आहे कोणालाच माहीत नाही."

"डॉक्टरांना माहीत आहे. त्या इथे बसल्यात. त्यांना विचारा."

अंजलीताई म्हणाल्या, "शनिवारी दुपारी दोन करवंट्या घेणारा माणूस रविवारी सकाळी गाडी चालवू शकतो. तुमच्यापैकी कोणाकोणाबद्दल हे लिहून देऊ, सांगा."

हे मिनिट्समध्ये घ्या, असं मी तीनदा म्हटलं. घेतलं नाही.

विनायक अख्ख्या मीटिंगमध्ये एकदाच बोलला. "नाव काढा. पण सईला काय सांगू ते मला सांगा. सहा महिन्यांपूर्वी ती माझ्या गाडीत बसत नव्हती."

सुहास म्हणाला, "यार, पर्सनल घेऊ नकोस. मुलांना मी नेईन. या रविवारपासून."

ठराव मंजूर झाला. मला मिळालेल्या झेरॉक्सवर, 'मादक' या शब्दाच्या शेजारी, ग्लासाच्या बुडाचा गोल डाग उमटलेला आहे. तो कागद मी जपून ठेवलाय.

*

त्यानंतरचा शनिवार. सुहासकडे दिवाळीची पार्टी. मीही गेलो होतो आणि आठला जेवून निघालो.

रविवार, सकाळचे नऊ पन्नास. कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी चार मुलं दप्तरं घेऊन उभी. रियाला सोडायला मी, सईला सोडायला विनायक. बोचरी थंडी होती.

दहा वाजले. सव्वादहा. विनायकने सुहासला फोन केला, मी केला, परत विनायकने केला. व्हॉइस मेल. घरच्या नंबरवरही तेच.

दहा पंचवीसला रिया म्हणाली, "आजोबा, व्हाय कान्ट विनायककाका टेक अस?"

मी तिला ठराव समजावून सांगायचा प्रयत्न केला. तीस वर्षांत इतकी वाईट बातमी मी दिली नसेल.

विनायकने मुलांना आडोशाला उभं केलं आणि म्हणाला, "चला, पाठ म्हणून घेऊ." मुलं पाढे म्हणू लागली. बे चोक आठ, बे पंचे दहा. तोंडातून वाफा निघत होत्या. सई म्हणत नव्हती. ती गेटपलीकडे उभ्या असलेल्या बापाच्या गाडीकडे बघत होती.

दहा चाळीसला ती चालत गाडीपाशी गेली. मागचं दार उघडलं, आत बसली, बेल्ट लावला आणि काच खाली केली.

"डॅड. आय अ‍ॅम रेडी."

विनायक जागचा हलला नाही. मग त्याने खिशातून फोन काढला आणि उरलेल्या तिघांच्या आयांना एकेक करून विचारलं. तिसरी माझी लेक. तिघींनी एकच उत्तर दिलं, "अहो, विचारता काय, न्या ना."

तो मुलांना घेऊन गेला. वर्ग संपल्यावर परत घेऊन आला. चौघांनाही दारापर्यंत सोडलं.

सोमवारी दुपारी समितीची ई-मेल आली. यादीत नाव नसताना मुलांना गाडीतून नेल्याबद्दल विनायकने आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

त्याने केला. चार ओळींचा. मी वाचलाय.

त्या सकाळी ज्यांचं नाव यादीत होतं ते कुठे होते, हे समितीने आजपर्यंत कोणालाही विचारलेलं नाही.