शर्यतीचं इंग्रजी

माझी नात मेघा स्पॅनिश शिकली आहे. काल ती स्वयंपाकघरात बसून परदेशातल्या घोड्यांच्या शर्यतीचं स्पॅनिश वर्णन इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करत होती. ते कंपनीला पाठवायचं होतं, पसंत पडलं तर दुभाष्याची नोकरी पक्की. मला दम दिला होता, "आजी, भांडं वाजवायचं नाही." मी चहा घेऊन गप्प बसले.

मला दोन्ही भाषा येत नाहीत. पण मोबाइलवर शर्यत दिसत होती, आणि तिचं वर्णन करणारा तो बोलणारा मला कळत होता. आधी तो सावकाश घोड्यांची नावं घेत होता. मग घोडे वळणावर आले आणि त्याला श्वास पुरेना. आमच्या गावच्या बैलगाडा शर्यतीत माइकवाल्याचं हेच होतं. देश कुठलाही असो, जनावर जिवाच्या आकांताने धावलं की बोलणाऱ्याची छातीही त्याच्याबरोबर धावते. मेघाचीही धावत होती. मागचा तांबडा घोडा सगळ्यांना टाकून पुढे आला, मी स्टुलावरून उठले, आणि मेघा इंग्रजी सोडून थेट आमच्या माइकवाल्यासारखी ओरडली, "झाली, झाली, झाली! भिर्रर्र!"

मग तिने कपाळावर हात मारला आणि सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. या खेपेला शेवटपर्यंत इंग्रजी. एकही शब्द चुकला नाही, म्हणाली.

"आजी, कुठलं पाठवू गं?"

"मला काय विचारतेस? पहिल्या खेपेला माझा चहा सांडला. दुसऱ्या खेपेला मी निवांत फरशी पुसली."