प्रार्थनेच्या वहीत लिहिलेला बुधवार

इस्पितळाच्या धुलाईघरात सगळ्याजणी तिला आमेनमावशी म्हणायच्या. चादरींचा गठ्ठा उचलला की आमेन, पाळी सुटली की आमेन, चहात साखर कमी पडली तरी आमेन. हसरी बाई. सुनेचा हात मशीनमध्ये जाईपर्यंत हसरी होती.

सून तिथंच इस्त्रीच्या रोलरवर होती. तापलेला लोखंडी रोलर, ओली चादर एका बाजूनं सरकवायची, दुसरीकडून ती कडक होऊन निघते. हात आत ओढला जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी असते. असते म्हणजे असायला हवी. जाळी लावली की काम हळू होतं, म्हणून मॅनेजरनं ती दोन वर्षं भिंतीला टेकवून ठेवली होती. सुनेची उजव्या हाताची चार बोटं गेली आणि मॅनेजरनं कागदावर ठोकून दिलं, ‘जाळी जागेवर होती, कामगाराचा निष्काळजीपणा.’ तेव्हापासून सून भिंतीकडे तोंड करून पडून. एकदाच म्हणाली, “लिहिलंय ना तसं, म्हणजे चूक माझीच.” नंतर तेवढंही नाही.

मी कामगार संघटनेची. आम्ही सरकारी तपासनीसाकडे अर्ज केला, धुलाईघरातल्या अकराजणींच्या सह्यांचा. तपासनीस बुधवारी येणार हे फक्त त्या अकरा आणि मी, एवढ्यांनाच माहीत. आणि मंगळवारी दुपारी जाळी बसली! नवे बोल्ट, वर हिरवा रंग. बुधवारी साहेब आले, मान हलवून गेले. गुरुवारी जाळी पुन्हा भिंतीला.

कुणीतरी फुटलं होतं. माझं डोकं फिरलं. एकेकीचा चेहरा मी निरखून पाहिला. ही खाली का बघते? ती एवढी गोड का बोलते? मग कळलं, आमेनमावशी आणि मॅनेजरची बायको दर शनिवारी एकाच प्रार्थनामंडळात बसतात. झालं! सून घरात लोळागोळा होऊन पडलेली, मावशीला कसलंतरी आमिष दाखवलं असणार. अडलेल्या माणसाला गळाला लावायला फार वेळ लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

शनिवारी मी न सांगता तिथं जाऊन बसले.

“आलीस का गं ताई? देवानंच आणलं बघ तुला.”

“मी माझ्या पायांनी आले, मावशी.”

चर्चच्या मागची खोली, गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आठनऊ बायका. रीत अशी की जिच्या मनावर जे ओझं असेल ते तिनं एका वहीत लिहायचं. वही पाळीपाळीनं एकेकीच्या घरी आठवडाभर राहते आणि ती बाई रोज प्रत्येक ओळीसाठी प्रार्थना करते. वही माझ्याही हातात आली. मी मागची पानं उलटली. मावशीचं वाकडंतिकडं अक्षर: ‘सुनेची बोटं परत येणार नाहीत, तिला बोलती तरी कर. बुधवारी साहेब मशीन बघायला येतायत, त्यांना खरं दिसू दे.’ पानाच्या कडेला त्या आठवड्याची पाळी लिहिलेली. मॅनेजरीणबाईंची.

मी मावशीला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं.

“तारीख त्यांच्या घरी पोचवलीस तू!”

“मी देवाला सांगितलं गं.”

“देवाला लेखी अर्ज लागतो?”

“एकटीच्यानं मागवेनासं झालं की दुसरीच्या तोंडून मागायचं असतं. रात्रंदिवस तेच तेच मागून माझं तोंड वाळलं होतं.” आणि मग तिच्या लक्षात आलं. ती पायरीवर मटकन बसली. “म्हणजे माझ्याच हातानं झालं?”

रडली. मी ते रडणंसुद्धा तपासून बघितलं, खोटं कशाला बोलू. “उद्यापासून संघटनेच्या बैठकीला येऊ नकोस,” म्हटलं.

ती उठली. पदरानं तोंड पुसून आत गेली. शेवटची प्रार्थना चालली होती, सगळ्यांच्या माना खाली. मावशी उभी राहिली, डोळे उघडेच.

“प्रभू, मंगळवारी जाळी लागली, गुरुवारी निघाली. तू बघितलंस. माझी ओळ ज्या घरी वाचली गेली त्या घरानंही बघितलं. माझी सून म्हणते चूक तिची. खरं बोलायला कुणाला तरी तोंड दे. दुसरं कुणी नसेल तर मला दे, पण लवकर दे.”

कुणाच्याच तोंडून आमेन निघेना. मॅनेजरीणबाई खुर्चीतून उठल्या. “वही टेबलावर होती. मी दाखवली नाही,” एवढं बोलून पर्स उचलली आणि गेल्या. खरं की खोटं, मला आजही ठरवता येत नाही.

मावशी माझ्याकडे वळली. “बैठकीला मी येणार. सही माझीही आहे. फक्त पुढची तारीख मला सांगू नकोस. माझ्या पोटात राहणार नाही.”

मी तपासनीस साहेबांना जाऊन म्हटलं, तारीख मलाही सांगू नका.

ते एका सोमवारी सकाळी अचानक उगवले. जाळी भिंतीला. “कधीपासून अशी आहे?” साहेबांनी विचारलं. मॅनेजर मध्येच, “आजच साफसफाईला काढलीय साहेब.” दहाजणी चादरींच्या घड्या घालत राहिल्या. मावशीनं हातातली चादर खाली ठेवली.

“दोन वर्षं झाली, साहेब. माझ्या सुनेचा हात गेला तेव्हाही इथंच होती.”

“मावशी, विचार करून बोला,” मॅनेजर म्हणाला.

“दोन महिने विचारच केलाय.”

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. पंधरा दिवसांनी आदेश आला: ‘अपघातसमयी जाळी जागेवर नव्हती. कामगाराचा दोष नाही.’ नक्कल घेऊन मी मावशीबरोबर तिच्या खोलीवर गेले. तिनं पलंगाच्या कडेला बसून, अडखळत, सुनेच्या पाठीला तो कागद वाचून दाखवला.



“खाली शिक्का आहे का?” सुनेनं विचारलं.

“आहे.”

“नीट बघा, आई. गोल शिक्का?”

“गोल आहे गं. निळा.”

सून कूस बदलून आमच्याकडे वळली आणि कागदासाठी तिनं डावा हात पुढे केला.